चारचौघांतील शिल्लक

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत बचतीची व्याख्या मोठी सुटसुटीत असते : उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरते ती बचत. या व्याख्येत एक कुटुंब, त्याचा एक कर्ता आणि त्याची एकच पेटी गृहीत धरलेली असते; तो कर्ता महिनाअखेरीस निवांत बसून किती आले, किती गेले आणि पुढच्यासाठी किती राखावे याचा निर्णय कोणासही न विचारता घेतो, असे जे चित्र तिच्यामागे उभे असते ते शहरातील एखाद्या पगारदाराच्या बाबतीत कदाचित यथार्थ असेलही; परंतु नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याच्या पाड्यावर, निफाडच्या गावठाणात किंवा येवल्याकडच्या कोरडवाहू वस्तीवर ते नेऊन ठेवले की पहिल्याच दिवशी त्याचा मेळ बिघडतो. तेथे त्या पेटीवर हक्क सांगणारी माणसे उंबऱ्याबाहेरही असतात, आणि पेटी रिती झाली तर ती भरण्याची जबाबदारीही काही अंशी त्यांच्यावरच असते. भावकी, सोयरे, शेजारी, वस्तीवरचे, भजनी मंडळातले, सोसायटीतले, असा हा गोतावळा. ग्रामीण कुटुंब किती शिल्लक टाकते आणि कोठे टाकते, हे त्याच्या मिळकतीइतकेच या गोतावळ्यावर ठरते. शिल्लक टाकावयास भाग पाडणाराही तोच आणि ती फस्त करणाराही पुष्कळदा तोच.

या बचतीचा मोठा भाग रोकडीत कधी आलाच नाही, म्हणून तो सरकारी तक्त्यांतही आला नाही. ज्यांच्या दावणीला एकेकच बैल आहे अशा दोन शेतकऱ्यांनी सावड केली म्हणजे दोघांचे मिळून एक औत चालते आणि प्रत्येकाचे एका बैलाचे पैसे वाचतात. एखाद्याची नांगरट दुखण्याबाण्यामुळे मागे पडली तर गाव इर्जिकीला धावते आणि यजमानाला मजुरीऐवजी एका जेवणावळीचा तेवढा खर्च येतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची सावड ओसरली हे खरे. तथापि कांद्याच्या लागवडीचे दिवस आले, मजुरीचे दर चढले, की आज तुझ्या वावरात आणि उद्या माझ्या वावरात अशा बोलीवर राबणाऱ्या बायका अजूनही दिसतात. यात कोणी पैसा बाजूला ठेवत नाही, पण जो खर्च व्हावयाचा तो होत नाही. आणि हिशेबाची वही नसली तरी कोणाचे किती दिवस फिरावयाचे राहिले आहेत हे दोन्ही घरांना पक्के ठाऊक असते.

नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके पर्जन्याच्या दृष्टीने एका जिल्ह्यातले वाटत नाहीत. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा येथे सह्याद्रीवर पाऊस कोसळतो. मध्ये निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात धरणांच्या आणि कालव्यांच्या आधारावर द्राक्षे व ऊस उभे राहतात. आणि पूर्वेस सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड हा भाग पर्जन्यछायेत पडून आभाळाकडे पाहात बसतो. जेथे पीक हमखास नाही तेथे कुटुंबाने अधिक शिल्लक टाकावी, असे तर्कशास्त्र सांगते; परंतु जेथे शिल्लक टाकण्याजोगे काही उरतच नाही तेथे लोक तगतात कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा आधार योगायोगाने आपल्याच मुलखातला होता. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू गावांतील घरोघरचे उत्पन्न, खर्च, देणेघेणे यांची दीर्घकाळ बारकाईने नोंद ठेवली होती, आणि त्या गावांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कानझरा ही दोन होती. टाउनसेंडला असे आढळले की एखाद्या घरचे उत्पन्न एका वर्षी कोसळले तरी त्या घरचा खाण्यापिण्याचा खर्च त्या मानाने फारच थोडा घसरतो. घराचा उपभोग स्वतःच्या उत्पन्नापेक्षा साऱ्या गावाच्या सरासरीबरोबर खालीवर होतो. म्हणजे बुडालेल्याला उसनवारीने, धान्याने, कामाने, कर्जाने कोणीतरी धरून ठेवीत होते. गाव हीच एक न लिहिलेली विमा कंपनी होती; मात्र त्यांपैकी एका गावात भूमिहीन मजुराच्या वाट्याला हे संरक्षण तोकडेच आले, हेही त्याच आकड्यांनी दाखविले.

त्याच नोंदींवरून मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली काढलेला निष्कर्ष आपल्याकडील कोणत्याही आजीबाईला नवा वाटला नसता : शेतीचे उत्पन्न ज्यांचे अधिक डळमळीत, ती कुटुंबे आपल्या मुली दूरच्या गावी देतात, आणि अशा सोयरिकी जोडलेल्या घरांची ताटे दुष्काळात कमी रिकामी होतात. एकाच पावसावर अवलंबून असलेला शेजारी आपल्याबरोबरच बुडतो. दुसऱ्या पावसाखालचा व्याही बुडत नाही. येवल्या-नांदगावकडच्या बापाला मुलगी निफाडच्या पाटपाण्याखाली पडावी असे जे वाटते, त्यात लेकीच्या सुखाची इच्छा तर असतेच. पण आपल्या घराच्या आधाराचा हिशेबही त्यात नकळत मिसळलेला असतो, आणि तसा तो असण्यात लाजण्याजोगे काही नाही.

आता दुसरी बाजू. जो गोतावळा पडत्या काळात धरतो तो चढत्या काळात मागतो. कांद्याला भाव मिळाला, लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारातून ट्रॅक्टर रिकामा होऊन आला, हे गावात लपत नाही. त्या आठवड्यात चुलतभावाच्या मुलीची फी, मामेभावाचा दवाखाना, सप्ताहाची पट्टी, यात्रेची वर्गणी, असे सारे एकदमच दारात उभे राहतात. नाही म्हणणे शक्य नसते असे नव्हे, पण त्याची किंमत पुढच्या दुष्काळात मोजावी लागेल हे उभयपक्षी माहीत असते. नीतिमान सुधारकांनी या सर्वांस उधळपट्टी म्हणून झोडपले आहे आणि लग्नातील मानपान व दशक्रियेच्या पंगती यांवर तर अश्रूही ढाळले आहेत. मला ही टीका अर्धवट वाटते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयत सावकारांच्या खतपत्रांवर तुटून पडली आणि दंग्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले, तेव्हा चौकशीस नेमलेल्या आयोगानेही कुणब्याच्या कर्जाचे खापर लग्नकार्यांवर अवाजवी फोडले जाते, असेच मत नोंदविले होते. सारा, बैल, बियाणे आणि पोटाची गरज यांचा भार आयोगाच्या दृष्टीने फार मोठा होता.

आहेराचेच पाहा. मांडवात एक माणूस वही घेऊन बसतो आणि कोणी किती रुपये, कोणते लुगडे, कोणते भांडे दिले हे नावनिशीवार टिपतो. ती वही पेटीत जपून ठेवली जाते आणि त्या माणसाच्या घरी कार्य निघाले की काढून, पूर्वीच्या आकड्यावर थोडी भर घालून परतफेड केली जाते. ज्याने वीस घरी आहेर केला त्याची वीस ठिकाणी ठेव आहे, आणि ती नेमकी मोठ्या खर्चाच्या दिवशी, एकरकमी, मागण्यास न जाता परत येते. ठेवीवर वाढही मिळते. दोष एवढाच की ही ठेव मुलाच्या शिक्षणासाठी किंवा विहिरीच्या कामासाठी मोडता येत नाही. ज्या घरात कार्य नाही त्या घराचे पैसे लोकांकडे अडकून राहतात. आणि आहेराचा आकडा पत, प्रतिष्ठा व ईर्ष्या यांच्या हाती गेला की तो परतफेडीच्या शक्तीबाहेर वाढतो.

मागणाऱ्यांपासून पैसा वाचवावयाचा तर तो दिसता कामा नये, हे बायकांनी फार पूर्वी ओळखले. डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत, माहेरी आईकडे ठेवलेली रक्कम. चार पैसे साठताच घेतलेली शेळी. येवल्याच्या किंवा नाशिकच्या सराफाकडून हप्त्याहप्त्याने जुळविलेले मणी. या सगळ्यांत समान गुण हा की पैसा चटकन हाती लागत नाही. सोने मोडणे कमीपणाचे मानतात, म्हणूनच ते टिकते. ही प्रवृत्ती केवळ आपल्याकडची नव्हे. केनियाच्या खेड्यांत पामेला जाकीएला आणि ओवेन ओझिएर यांनी केलेल्या प्रयोगात असे दिसून आले की जवळचे नातलग उपस्थित असताना स्त्रिया आपली कमाई लपविण्यासाठी कमी नफ्याचा पर्याय पत्करतात. नात्याचा हा एक प्रकारचा कर आहे. आणि तो चुकविण्यालाही खर्च येतो.

या पेचातून गावाने स्वतःच काढलेली तोड म्हणजे भिशी. भिशीची रचना इतकी साधी आहे की तिच्यातील चातुर्य सहसा लक्षात येत नाही. समजा, बारा बायका दरमहा एकेक हजार रुपये जमा करतात आणि ते बारा हजार दर महिन्याला चिठ्ठी काढून एकीला देतात. जिचे नाव एकदा निघाले तिची चिठ्ठी पुन्हा टाकावयाची नाही, पण हप्ता मात्र शेवटपर्यंत भरावयाचा. प्रत्येकीने घरी स्वतंत्रपणे साठविले असते तर बारा हजार व्हायला प्रत्येकीला बारा महिने लागले असते. भिशीत मात्र पहिलीला ते अकरा महिने आधी मिळतात, दुसरीला दहा, आणि अगदी शेवटच्या बाईलाही तेवढ्याच वेळात मिळतात जेवढ्यात ते एकटीने साठविले असते. सरासरी काढली तर साडेसहा महिने. कोणाचेही नुकसान न होता अकरा जणींचे शिवणयंत्र, दुभती शेळी किंवा घराचे पत्रे लवकर येतात. यात व्याज नाही, तारण नाही, अर्ज नाही. जेथे निकड असलेल्याने बोली लावावयाची असते तेथे एखादी बाई बारा हजारांऐवजी दहा हजार आठशेवर उचल घेते आणि सुटलेले बाराशे बाराजणींत शंभर-शंभर वाटले जातात. म्हणजे गरजवंताचे व्याज सावकाराच्या घरी न जाता शेजारणींच्या घरी जाते.

प्रश्न एवढाच की पहिल्या महिन्यात रक्कम उचललेली बाई उरलेले अकरा हप्ते का भरते? कायद्याच्या धाकाने नव्हे. अशा घरगुती भिशीचा कागद बहुधा एका वहीपलीकडे जात नाही. ती भरते, कारण उद्या पाण्याच्या टाकीवर, परवा मांडवात, तेरवा बाळंतपणात याच अकराजणींशी तिची गाठ आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ साली जावा बेटावरील 'अरिसान' आणि तत्सम मंडळ्यांचा अभ्यास करून असे प्रतिपादिले की पारंपरिक समाज आधुनिक अर्थव्यवहाराकडे जाताना मध्ये लागणारी ही एक पायरी आहे. बँका आल्या की ती मागे पडेल. बँका येऊन जमाना झाला आणि भिशी अजून नाशिकच्या शाळांच्या शिक्षकखोल्यांत, द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये, एवढेच नव्हे तर खुद्द बँकांच्या कर्मचाऱ्यांतही चालू आहे. तेव्हा गीर्ट्झसाहेबांचे भाकीत आपल्याकडे तरी फळले नाही. बँक पैसे सांभाळते, पण पैसे टाकले नाहीत तर विचारीत नाही. भिशी विचारते.

या विचारण्याचे मोल मोजण्याचा एक प्रयत्न शेजारच्या कर्नाटकात झाला. एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर यांनी साठ खेड्यांत काही बचतदारांना गावातीलच एकेक माणूस देखरेखीसाठी नेमून दिला. त्याने पैसे द्यावयाचे नव्हते, जप्ती आणावयाची नव्हती, फक्त ठरविलेली बचत झाली की नाही हे त्याला कळत राहावयाचे होते. एवढ्यावर त्या बचतदारांची एकूण शिल्लक सुमारे एक तृतीयांशाने वाढली, आणि देखरेख करणारा जितका गावात ओळखीपाळखीचा, ज्याच्या तोंडून गोष्ट चार घरी जाईल असा, तितका परिणाम अधिक. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधातले गणित अवघड असले तरी त्याचा आशय सुरगाण्याची कोणतीही बाई एका वाक्यात सांगेल : लोक काय म्हणतील!

बचत गटाने हीच शक्ती नियमांत बसविली. दहा ते वीस बाया, शक्यतो एकाच वस्तीवरच्या. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही, ही त्याची पंचसूत्री. गटातून घेतलेल्या कर्जावर शेकडा एक-दोन रुपये व्याज गट स्वतःच ठरवितो, आणि ते व्याज गटाच्याच पेटीत राहते. १९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांना जोडण्याचा पथदर्शी उपक्रम हाती घेतला, तोपर्यंत तारणावाचून गरीब बाईला कर्ज देणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, अशी बँकांची धारणा होती. गटाने तारणाच्या जागी शेजारणीची नजर ठेवली. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे 'उमेद' अभियान यांनी हे जाळे पाड्यापाड्यांवर नेले. परंतु या यशाबरोबर त्याची विकृतीही आली. उद्दिष्टाचा आकडा गाठण्यासाठी ज्यांची एकमेकींशी जुजबीच ओळख आहे अशा बायकांचे गट कागदावर बांधले गेले की त्यांतील हमी ही सहीपुरती उरते. आणि पेठ-सुरगाण्याहून दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरणाऱ्या कुटुंबांच्या गटांत बैठकीची चटई पसरावयास काही महिने कोणी घरी नसते.

ओळख किती अंतरापर्यंत पुरते, हा प्रश्न महाराष्ट्रातील सहकारापुढे शंभरांहून अधिक वर्षे उभा आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा जर्मनीतील राइफआयझेनच्या धर्तीवर झाला. सभासद एकाच गावचे किंवा लगतच्या गावांचे, अथवा निबंधकाच्या मंजुरीने एकाच जातीजमातीचे असावेत, आणि ग्रामीण संस्थेत प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद असावी. म्हणजे एकाने बुडविले तर दुसऱ्याची जमीनदेखील त्या देण्याला बांधील. असा भार पत्करण्यास माणूस तयार होतो तो समोरच्याच्या दावणीपासून देवघरापर्यंत सारे माहीत असेल तरच. कायद्याच्या उद्देशिकेत काटकसरीचा उल्लेख आधी होता. प्रत्यक्षात संस्था ठेवी गोळा करण्यापेक्षा वरून आलेले कर्ज वाटणाऱ्या कचेऱ्या झाल्या. गोरवाला समितीने १९५१-५२ साली देशभर पाहणी करून १९५४ साली अहवाल दिला तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, व्यावसायिक व शेतकरी सावकारांचा मिळून सुमारे ७० टक्के आणि नातेवाइकांचा १४.२ टक्के निघाला. पन्नास वर्षांच्या कायद्यानंतरही व्याही-मेहुणे सहकारापेक्षा चौपटीहून अधिक पैसे पुरवीत होते.

या समितीचे एक सभासद, नाशकात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शासनाची भागीदारी असलेल्या मोठ्या संस्था काढाव्यात, लहान गावापुरती संस्था तगणार नाही, असा समितीचा कौल पडला. उलट वैकुंठभाई मेहता यांच्या समितीने १९६० साली सुचविले की संस्था गावापुरतीच असावी. ती तोट्यात जाऊ लागली तरच कार्यक्षेत्र वाढवावे, आणि तेही तीन हजार लोकवस्ती व तीन-चार मैलांपलीकडे जाऊ देऊ नये. एका बाजूस पुरेसे भांडवल आणि पगारी सचिव, दुसऱ्या बाजूस परस्परांची माहिती, असा हा वाद होता, आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. आज गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या जिल्हा मध्यवर्ती बँकेला जोडलेल्या आहेत. गावातल्या थकबाकीदाराला गाव ओळखते, पण जिल्ह्याच्या मोठ्या थकबाकीदाराला ओळखूनही गाव काही करू शकत नाही. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना बाद नोटा स्वीकारण्यास मनाई केली आणि थकलेल्या कर्जांनी आधीच वाकलेल्या नाशिक जिल्हा बँकेच्या ठेवीदारांना स्वतःचेच पैसे मिळविण्यासाठी दीर्घकाळ खोळंबावे लागले. पतसंस्थांच्या बाबतीत तर वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते केंद्रीय कवच नाही. चेअरमन आपल्या गावचा, मॅनेजर आपल्या भावकीतला, एवढ्या विश्वासावर तेथे आयुष्याची पुंजी ठेवली जाते. आणि ओळख ही देखरेखीचे साधन न राहता देखरेख न करण्याचे कारण होऊन बसते.

आणि जे या गोतावळ्याबाहेर आहेत त्यांचे काय? भिशी बहुधा आपापल्या वस्तीत, जातीत, भावकीत फिरते. ज्या वस्तीवर कोणाकडेच दरमहा पाचशे रुपये सुटे होत नाहीत तेथे चांगले शेजारी असूनही भिशी उभी राहात नाही. दरिद्री माणसांचा परस्परविश्वास कितीही दृढ असला तरी त्यातून रोकड निघत नाही. टाउनसेंडच्या आकड्यांत एका गावी भूमिहीनाचे संरक्षण तोकडे पडले त्याचे कारण बहुधा हेच.

अगदी अलीकडे, २०२४ सालापासून, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये थेट बाईच्या नावच्या बँकखात्यात येऊ लागले. खाते तिचे एकटीचे, पासबुक तिच्या हाती. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की गोतावळ्याच्या नजरेपासून मुक्त अशी तिची पहिली शिल्लक आता होणार. प्रत्यक्षात रक्कम बहुतेकींना सारखीच असल्याने तिचा आकडा नवऱ्यापासून नणंदेपर्यंत सर्वांना पाठ असतो, आणि पैसे कोणत्या दिवशी जमा झाले हे मोबाईलमुळे तासाभरात गावभर होते. डाळीच्या डब्यातल्या नोटा जितक्या लपत तितकेही हे दीड हजार लपत नाहीत. अशा वेळी ज्या बाईचा गट चालू असतो तिला एक सोय असते. दिराने हात पसरला तर तिला नाही म्हणावे लागत नाही. पैसे गटात भरले, एवढे सांगितले की पुरते, आणि गटात त्याची आईही असल्यामुळे त्याला पुढे बोलता येत नाही. गटाची बैठक पैसे जमा झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत भरवावी, एवढा नियम गटांनी करून घेतला तर त्या सोयीचा उपयोग चार दिवस उशिरा भरणाऱ्या बैठकीपेक्षा पुष्कळच अधिक होईल.